गाडी सारखी, मार्ग सारखा. पण किल्ली कुणाकडे?

८ मार्च २०२५. महिला दिन. आमच्या देवळ्यात दरवर्षीसारखा कार्यक्रम झाला. संगीत खुर्ची झाली, उखाणे झाले, पैठणीची सोडत निघाली. व्यासपीठावर भाषणं करायला बसलेले बहुतेक पुरुषच होते. 'स्त्री ही संसाररथाचं एक चाक आहे' हे वाक्य त्या दुपारी मी दोनदा ऐकलं. दमून घरी आले, तर माहेराहून आलेली भाची ओसरीत मोबाइल घेऊन बसलेली. म्हणाली, "आत्या, हे बघ तरी. ही शर्यत कुणी सुरू केली, ओळख बरं."

मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातलं एक भलंमोठं स्टेडियम दिसत होतं. मैदानात डांबरी मार्ग केलेला. दोन गाड्या एकाच क्षणी सुटायच्या, वळणं घेत भिरभिरायच्या आणि बघता बघता निकाल लागायचा. त्या दिवशी फ्रान्सचा सेबास्टियन लोब जिंकला. मी म्हटलं, "कुण्या गाड्यांच्या कंपनीनं सुरू केली असेल."

"नाही गं. एका बाईनं."

मैत्रिणींनो, मोटारींच्या शर्यती हा काही माझा विषय नाही. पेट्रोल जाळत गोल गोल फिरायचं, यात काय मोठं, असंच मला वाटत आलेलं. पण त्या दिवशी चाकाचं भाषण ऐकून आले होते म्हणून असेल, मी भाचीला म्हटलं, "नीट सांग." तिनं सांगितलं, नंतर मीही वाचलं. त्यातून जे मनात आलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे. पटतंय का पाहा.

या शर्यतीचं नाव 'रेस ऑफ चॅम्पियन्स'. ही निमंत्रितांची शर्यत आहे. फॉर्म्युला वनचे चालक, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर रॅली करणारे, अमेरिकेतल्या नॅसकारवाले, चोवीस तासांच्या शर्यती करणारे, असे एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे लोक इथे समोरासमोर येतात. आपल्याकडे मातीतला पैलवान आणि मॅटवरचा पैलवान एकाच आखाड्यात उतरवावा, तसं.

मला भावला तो तिचा नियम. इथे कुणी आपली गाडी आणत नाही. गाड्या आयोजकांच्या, आणि समोरासमोरच्या दोघांना एकाच जातीची गाडी. मार्ग दोन, एकमेकांना लागून. एकाला सोपा मार्ग मिळाला आणि दुसऱ्याला अवघड, ही तक्रार राहू नये म्हणून मध्ये पूल बांधून मार्गांची अदलाबदल केलेली असते. जो एका फेरीत आतून जातो, तो पुढच्या फेरीत बाहेरून. पुढच्या लढतीला गाडीचा प्रकारही बदलतो. म्हणजे कुणाच्या मागे किती श्रीमंत कंपनी उभी आहे, हे इथे कामाला येत नाही. हातात काय आहे तेवढंच बघितलं जातं.

हा घाट घालणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे मिशेल मूटॉन. दुसरे फ्रेडरिक जॉन्सन. पहिली शर्यत १९८८ साली पॅरिसजवळ मोंतलेरीला झाली. त्याआधी, २ मे १९८६ ला, कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत फिनलंडचा तरुण चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची गाडी दरीत कोसळून पेटली आणि दोघंही गेले. टोइव्होनेनच्या आठवणीसाठी ही शर्यत सुरू झाली. विजेत्याला मिळणाऱ्या चषकाला त्याचंच नाव आहे. शेजारी बसलेल्या क्रेस्टोचं नाव चषकावर नाही. शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्यांचं असंच होतं, ते तुम्हा-आम्हाला नवीन नाही.

मिशेलचीही सुरुवात त्या शेजारच्या खुर्चीतूनच झाली. ती १९५१ साली दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास गावी जन्मली. आईवडील गुलाब आणि जाईची शेती करायचे. म्हणजे शेतकऱ्याचीच लेक. चौदाव्या वर्षी घरची गाडी चालवायला लागली. पुढे एका मित्राची सहचालक म्हणून रॅलीत उतरली. सहचालकानं वही घेऊन बसायचं आणि पुढे डावं वळण, पुढे उतार, असं सांगत राहायचं. वडिलांनी हे पाहिलं आणि सुचवलं की शेजारी बसण्यापेक्षा तू स्वतःच चालव. मी गाडी घेऊन देतो, एक हंगाम खर्च उचलतो, तेवढ्यात करून दाखव.

तिनं करून दाखवलं. १९७५ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिघी बायकांच्या संघातून तिनं आपल्या गटात पहिला नंबर मिळवला. १९८१ साली इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली बाई. शेजारच्या खुर्चीत फाब्रिझिया पोन्स, तीही बाईच. १९८२ साली पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन रॅली तिनं जिंकल्या. जगज्जेतेपद हाताशी आलं होतं. आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर वडील गेल्याची बातमी आली. तरी ती उतरली, आघाडीवर राहिली, मग गाडी बिघडली आणि शेवटी अपघात झाला. जर्मनीच्या वॉल्टर रोहर्लला १०९ गुण मिळाले, तिला ९७. दुसरा क्रमांक. त्यानंतर आजवर कुठलीही बाई त्या यादीत तिच्याइतकी वर गेलेली नाही.

तिच्या जिंकण्यावरही लोक बोललेच. चारही चाकांना जोर देणारी ऑडी क्वाट्रो होती म्हणून जिंकली, असं म्हणणारे होते. तीच ऑडी चालवणारे पुरुष जिंकले की ती त्यांची करामत; बाई जिंकली की ते गाडीचं श्रेय! अशा बाईच्या हातून पुढे जी शर्यत उभी राहिली, तिचा पहिला नियम 'गाडी सारखी' असा असावा, यामागे तिनं काय विचार केला होता ते ती जाणे. पण मला तो नियम आपल्या साऱ्याजणींच्या कामाचा वाटला. कारण आपल्याला नेहमी निकाल सांगितला जातो. गाडी सारखी होती का, मार्ग सारखा होता का, हे कुणी विचारत नाही.

आता आमच्याकडचं सांगते. आमचा तालुका कांद्याचा. रोप उपटायचं बायकांनी, वाफ्यातल्या चिखलात कमरेत वाकून लावायचं बायकांनी, निंदायचं बायकांनी. काढणी झाली की पात कापायची, चाळीत भरायचा, सडका वेचून टाकायचा, तेही बायकांनीच. मग एक दिवस ट्रॅक्टर दारात येतो, ट्रॉली भरते आणि कांदा उमराण्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारात जातो. तिथे लिलाव होतो, माप होतं, हिशोबपट्टी मिळते. ती मिळते गाडी घेऊन गेलेल्या माणसाला. पाच महिने जिनं कांदा पाहिला तिला भाव कळतो रात्री जेवण वाढताना, तोही विचारलं तर. वर्षानुवर्षं पाहत आले आहे, ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याच्या हातात पट्टी, आणि ज्याच्या हातात पट्टी त्याच्या हातात घर. तेव्हा गाडी चालवता येणं ही हौसेची गोष्ट नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये इथून जवळच चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखावर बाया आल्या होत्या. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. आम्हीही गेलो, ट्रॉलीत बसून, गाणी म्हणत. बाईच्या नावावर जमीन झाली पाहिजे, ही गोष्ट त्याच काळात पहिल्यांदा कानावर पडली. परत येताना आम्ही हवेत होतो. आज ते आठवलं की हसू येतं आणि वाईटही वाटतं. कारण आमच्या ट्रॅक्टरवर पुढे पुरुष होता. त्याला निघायची घाई झाली म्हणून शेवटची भाषणं न ऐकताच आम्हाला उठावं लागलं. मुक्तीच्या सभेला जायची वेळ आणि यायची वेळ ड्रायव्हर ठरवत होता.

माहेरी ट्रॅक्टर होता. धाकटा भाऊ बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला शिकवलं. मी त्याच्याहून मोठी. मला काम होतं रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं आणि बांधावर भाकरी पोचवायची. वडील वाईट नव्हते. माझ्यावर फार माया होती त्यांची. मला शिकवावं हे त्यांच्या मनातच आलं नाही. मिशेलच्या वडिलांच्या मनात आलं, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकावर आयुष्यं बदलतात.

माझ्या बाबतीत तो फरक कळायला एक रात्र यावी लागली. २००३ सालची गोष्ट. घरात आम्ही दोघी जावा, सासूबाई आणि पोरं. पुरुषमाणसं बाहेरगावी लग्नाला गेलेली. धाकट्या जाऊबाईंना सातवा महिना होता. रात्री अचानक रक्तस्राव सुरू झाला. दारात जीप उभी होती. टाकीत डिझेल होतं. किल्ली देवाच्या तसबिरीखाली खिळ्याला अडकवलेली, सगळ्यांना दिसत होती. आम्ही तिघी बाया त्या किल्लीकडे बघत उभ्या होतो. शेजारच्या वस्तीवरून चालवणारा पोरगा झोपेतून उठून येईपर्यंत दीड तास गेला. मग भावडबारीचा घाट ओलांडून नाशिकपर्यंतचा रस्ता. जाऊबाई वाचल्या. मूल गेलं. लवकर पोचलो असतो तर वाचलं असतं का, ते कुणीच सांगू शकत नाही. पण तो दीड तास माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

पुढच्या महिन्यात मी गाडी शिकायचं काढलं. नवरा म्हणाला, "या वयात? लोक हसतील." लोक हसलेच. शिकवणाऱ्या शाळेतला गृहस्थ पंधरा दिवस माझ्या हातावर आपला हात ठेवून स्टिअरिंग धरायचा. मी एके दिवशी गाडी थांबवून म्हटलं, "दादा, मुलांना शिकवताना असा हात ठेवता का?" तेव्हापासून ठेवला नाही. परवान्याच्या परीक्षेला आम्ही दोघी बाया. आमची पाळी आली तशी बघ्यांची गर्दी वाढली. शेजारचा मुलगा चढावर दोनदा गाडी बंद पाडून पास झाला. माझी एकदा बंद पडली आणि मला महिन्यानं परत यायला सांगितलं. गाडी सारखी होती, रस्ता सारखा होता. तपासणाऱ्याची नजर सारखी नव्हती. महिन्यानं गेले आणि परवाना घेऊन आले.

पहिल्यांदा मी पिकअप भरून कांदा विकायला नेला, तेव्हा पट्टी निघाली नवऱ्याच्याच नावानं, कारण सातबारा त्याचा. पण पैसे मी मोजून घेतले. घरी येऊन आधी जाऊबाईंच्या आणि माझ्या हिश्शाची मजुरी वेगळी काढली. घरात दोन दिवस अबोला होता. मग सवय झाली. आज जाऊबाईही चालवतात.

म्हणून 'रेस ऑफ चॅम्पियन्स'चा नियम जेवढा आवडला, तेवढाच तिच्यासाठी वापरला जाणारा 'निमंत्रित' हा शब्द खुपला. तिथे कुणीही जाऊन उभं राहू शकत नाही. बोलावणं यावं लागतं. बोलावणं येतं आधी कुठे तरी जिंकलेल्याला. जिंकतो तो, ज्याला लहानपणापासून गाडी मिळाली. म्हणजे आतला नियम कितीही न्यायाचा असला, तरी दाराबाहेरचा हिशोब तिथे कुणी करत नाही. २०१२ साली बँकॉकला ही शर्यत झाली, तेव्हा आशियाई गटात आपल्या नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक यांनी भारताला जिंकून दिलं. दोघांच्या गुणाबद्दल शंका नाही. पण दोघांचेही वडील स्वतः रॅलीचे चालक होते, हेही खरं. किल्ली बापाकडून लेकाकडे आली. किती घरांत ती बापाकडून लेकीकडे येते?

बायकांना तिथे बोलावणं अगदी आलंच नाही असं नाही. स्कॉटलंडची सूझी वुल्फ गेली. २०२२ साली स्वीडनमध्ये गोठलेल्या समुद्राच्या बर्फावर शर्यत झाली तेव्हा ब्रिटनची जेमी चॅडविक आणि स्वीडनची मिकाएला ओलिन-कोटुलिन्स्की उतरल्या. पण १९८८ पासून आजवर वैयक्तिक विजेतेपद एकाही बाईला मिळालेलं नाही. बाईनं उभ्या केलेल्या शर्यतीत बाई अजून पाहुणीच आहे. याला बायकांमध्ये दम नाही हे उत्तर देणाऱ्यांनी आधी मोजावं, की किती मुलींना आठव्या-दहाव्या वर्षी गाडीत बसवलं गेलं.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यानं मला सगळ्यात अस्वस्थ केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ही शर्यत सौदी अरेबियाच्या राजधानीत, रियाधला झाली. त्या दिवशी सौदी बाईला गाडी चालवायला बंदी होती. बंदी उठवणार असा फतवा सप्टेंबर २०१७ मध्ये निघाला होता, पण प्रत्यक्षात ती उठली २४ जून २०१८ ला. बायकांना स्टेडियममध्ये बसून खेळ पाहायची मुभासुद्धा नुकती, त्याच जानेवारीत मिळालेली. आणि या शर्यतीची संस्थापक मिशेल तेव्हा जागतिक मोटार महासंघाच्या महिला आयोगाची अध्यक्ष होती. म्हणजे मैदानात समान गाडी, समान मार्ग. आणि मैदानाच्या फाटकाबाहेर निम्म्या माणसांना रस्ताच बंद.

याची दुसरी बाजू मांडणारे म्हणतात, अशा खेळांमुळेच दारं उघडतात. थोडं खरं असेलही. गच्चीवर बसून का होईना, बाईनं बघितलं तर तिला वाटेल. पण दार उघडलं ते पाहुण्या चालकांनी नाही. ६ नोव्हेंबर १९९० ला सत्तेचाळीस बायका रियाधच्या रस्त्यावर स्वतः गाड्या चालवत निघाल्या. त्यांना पकडलं, कितीजणींच्या नोकऱ्या गेल्या, मशिदींतून त्यांची नालस्ती झाली. नंतरच्या वर्षांतही बायका चालवत राहिल्या, तुरुंगात जात राहिल्या. आणि बंदी उठायच्या तोंडावर, मे २०१८ मध्ये, त्याच मागणीसाठी लढलेल्या लुजैन अल-हथलूल आणि इतरजणींना अटक झाली. लुजैन सुटली फेब्रुवारी २०२१ मध्ये. हक्क तर दिला, पण तो बायकांनी मागून मिळवला असं कुणी म्हणू नये म्हणून मागणाऱ्यांना आत टाकलं. माझं स्पष्ट मत आहे, ज्या गावात बाईला रस्ता बंद आहे तिथे समतेचा खेळ मांडू नये. चार महिने थांबले असते तर शर्यतीचं काही बिघडत नव्हतं.

पण हे लिहिताना मी स्वतःलाच विचारलं, बाई, तुझ्या अंगणातलं काय? आपल्याकडे बंदीचा कायदा नाही, कधी नव्हता. तरीही २००३ साली किल्ली खिळ्याला होती आणि आम्ही तिघी उभ्या होतो. सौदीत पोलीस अडवत होते, इथे 'लोक हसतील' अडवतं. पोलिसांशी निदान भांडता येतं. म्हणून त्या देशाला नावं ठेवून आपण मोकळं होऊ नये.

सरकारी योजनांचंही पाहा. शेतीच्या यंत्रांसाठी जे अनुदान आहे त्यात महिला शेतकऱ्याला ५० टक्के आणि सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के, असा फरक ठेवलेला आहे. हेतू चांगला. झालं काय, तर दहा टक्क्यांसाठी बाईच्या नावावर ट्रॅक्टर घेतले जाऊ लागले. कागदावर मालकीण ती, सीटवर तो. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आल्या तेव्हाही हेच पाहिलं. खुर्ची तिची आणि सही कुठे करायची ते सांगणारा सरपंचपती.

मग अशा राखीव गोष्टी नकोतच का? मला तसं वाटत नाही. मोटारशर्यतीतही हा वाद आहे. फक्त बायकांसाठी 'डब्ल्यू सिरीज' २०१९ साली सुरू झाली, तिन्ही हंगाम जेमी चॅडविकनं जिंकले आणि २०२२ साली पैशाअभावी ती बंद पडली. २०२३ पासून 'एफ वन अकॅडमी' चालू झाली, तिची धुरा सूझी वुल्फकडे आली. काहीजणी म्हणतात, वेगळी शर्यत म्हणजे दुय्यम शर्यत. मला वाटतं, जिला कधी गाडीच मिळाली नाही तिला सुरुवातीला वेगळं अंगण लागतं. पोहायला शिकताना कुणी एकदम गिरणेच्या पुरात ढकलत नाही. मात्र त्या अंगणातच तिला ठेवून वर्षानुवर्षं टाळ्या वाजवत बसायचं, हे नको. पंचायतीतल्या ज्या बाया पाच वर्षांत स्वतः बोलायला शिकल्या, त्या राखीव जागेमुळेच शिकल्या. ज्यांना शिकवलंच नाही, त्यांच्या नावावर दुसऱ्यानं गाडी हाकली. फरक शिकवण्याचा आहे.

शिकवलं, संधी दिली, तर काय होतं हे आपल्याच महाराष्ट्रात दिसतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि २०२५ साली निवृत्त झाल्या. २०२३ सालीच सासवड ते नीरा एसटी बस एका बाईनं चालवली. पुण्याच्या डायना पंडोले, पेशानं शिक्षिका, दोन मुलांची आई. त्यांनी २०२४ साली राष्ट्रीय मोटारशर्यत स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं, तेही पुरुषांच्या बरोबरीनं धावून. या काही आकाशातून पडलेल्या नाहीत. कुणी तरी, कधी तरी यांच्या हातात किल्ली दिली, आणि पुढचं त्यांनी केलं.

काही मैत्रिणी म्हणतील, आपण हुंड्याचं, मारहाणीचं, पाण्याचं बोलायचं सोडून शर्यतींच्या मागे कुठे लागायचं? त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. शर्यतींत फार पैसा जळतो, इंधन जळतं. आणि रस्त्यावरच्या वेगाचं कौतुक मी तरी करणार नाही. २८ जानेवारी २०२० ला आमच्याच तालुक्यात मेशी फाट्याजवळ बस आणि रिक्षा विहिरीत कोसळून २६ माणसं गेली. ती आठवण इथे अजून ओली आहे. माझं म्हणणं पोरींनी भरधाव सुटावं असं नाही. पण मार खाऊन रात्री घराबाहेर पडणारीला, दवाखाना गाठायचा असणारीला, कांद्याचा भाव स्वतः ऐकायचा असणारीला गाडी लागते, आणि ती चालवता यावी लागते. मारहाणीच्या आणि पाण्याच्या प्रश्नापासून हा प्रश्न दूर नाही.

म्हणून मला काही साध्या गोष्टी सुचवायच्या आहेत. बाईच्या नावावर अनुदानाचा ट्रॅक्टर देताना ती चालवायला शिकेल याची व्यवस्था त्याच योजनेत असावी. शिकवण्याचा खर्चही त्यातच धरावा. तालुक्याच्या गावी बायकांना शिकवणारी बाई प्रशिक्षक असावी. परवान्याच्या परीक्षेत सगळ्यांना एकच माप लावावं आणि नापास केलं तर कारण लिहून द्यावं. बचत गटांनी पापड-लोणच्याच्या पुढे जाऊन एक पिकअप घ्यावी, आणि ती गटातल्याच बाईनं चालवावी. आणि यातलं एकही होईपर्यंत न थांबता, घरात मुलगा ज्या वयात ट्रॅक्टरच्या सीटकडे बघायला लागतो, त्या वयात मुलीकडेही बघावं. परवान्याचं वय झालं की दोघांनाही एकदमच शिकायला पाठवावं.

भाची उन्हाळ्याच्या सुट्टीत परत आली होती. अठरा पूर्ण झालेली, शिकाऊ परवाना हातात. चार दिवस वावराच्या रस्त्यावर मी तिला पिकअप शिकवली. पहिल्या दिवशी माझाच हात आपोआप तिच्या हातावर गेला. मग त्या गृहस्थाची आठवण झाली आणि मी हात मागे घेतला. गाडी बांधावर चढली, पुढचा दिवा फुटला. नवरा म्हणाला, "नुकसान झालं." मी म्हटलं, "तुमच्या पुतण्यानं मागच्या साली ट्रॉली उलटवली, तेव्हा तुम्ही 'शिकतोय पोरगा' म्हणाला होता."

पुढच्या महिला दिनाला व्यासपीठावरून कुणी आपल्याला रथाचं चाक म्हटलं, तर आपण साऱ्याजणींनी मिळून विचारायचं, "चाक आहोत ते कळलं. लगाम कुणाच्या हातात आहे?" तुमच्या घरी किल्ली कुठे असते आणि ती कुणाकुणाला चालवता येते, हे जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात वाचायला आवडेल.